बी-टूची पायरी

दीपमाला बोलायला लागली की तिचे शब्द अडकायचे. जर्मन भाषेचा दोष नव्हता, मराठीतही तसंच होतं. मोहाडीच्या कोष्टी घरात ती सून म्हणून आली, भंडाऱ्याच्या खाजगी दवाखान्यात नर्स झाली, आणि दोन्हीकडे तिचं कौतुक एकाच गोष्टीचं झालं: पोरगी गरीब आहे, उलटून बोलत नाही.

नवरा भूपेंद्रही नर्सच. जर्मनीतल्या एका दवाखान्याने दोघांना मिळून जागा देऊ केली, तेव्हा दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि नागपुरात खोली घेऊन क्लास लावला. बी-टू पातळीची परीक्षा पास होणं ही अट होती. भूपेंद्र पहिल्याच फेरीत चारही भागांत पास झाला. दीपमालाचं वाचन, ऐकणं, लिहिणं निघालं, बोलणं राहिलं. तो म्हणाला, "मी समोर जातो, तू मागून ये. एकच तं भाग राह्यला." आणि गेला.

दुसऱ्यांदाही बोलणंच राहिलं. क्लासच्या रिता मॅडमने तिला समजावलं, "हे बघ, युरोपातल्या सगळ्या भाषांसाठी पायऱ्या एकच ठरवल्या आहेत. फ्रेंच घे, इटालियन घे, बी-टूच्या पायरीवरच्या माणसाला आपलं मत मांडता आलं पाहिजे, समोरच्याला ते पटवता आलं पाहिजे. तुझं व्याकरण चोख आहे, पण तू मतच देत नाहीस."

दीपमाला आरशासमोर मतं देऊ लागली. शाळेत मोबाईल असावा की नसावा, शहरात राहावं की गावात. आरशासमोर सगळं जमायचं. तिकडे दवाखाना तिची जागा धरून होता, पण भूपेंद्रचे फोन आखूड होत चालले होते. "झालं का?" एवढंच तो विचारायचा.

तिसऱ्या वेळी पुण्याच्या केंद्रात तिच्या जोडीला एक तरतरीत मुलगी आली. विषय निघाला: म्हाताऱ्या आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं का? मुलगी म्हणाली, ठेवावं, त्यातच सगळ्यांचं भलं आहे. दीपमालाने वॉर्डात टाकून दिलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसलं होतं, त्यांना भरवलं होतं. तिला ओरडून 'नाही' म्हणायचं होतं. परीक्षक बाई वाट पाहत होत्या. दीपमालाच्या तोंडून निघालं, "हो, तुमचं बरोबर आहे."

निकाल लागला तेव्हा ती सरळ रिता मॅडमकडे गेली आणि दारातच फुटली. "मॅडम, मले आतापर्यंत कोनी इचारलं का, दीपमाला, तुले काय वाटते? बापानं नाही, सासऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही. लग्न ठरलं, मले सांगतलं. जर्मनीले जायाचं ठरलं, मले सांगतलं. आता ते बाई म्हन्ते, मत सांग! कोठून आनू मी मत?"

रिता मॅडम तिला हाताला धरून आत घेऊन आल्या. मग हळूच म्हणाल्या, "हेच तिथे जर्मनमध्ये बोलली असतीस तर पास होतीस, बाई."

दीपमाला हसली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना.

जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली गेली. ते भूपेंद्रने फोनवर सांगितलं. "आता मी तरी काय करू?" तो म्हणाला.

"वापस या," दीपमाला म्हणाली. असं काही तिने त्याला आयुष्यात सांगितलं नव्हतं.

"येडी झालीस काय? येवढ्या मेहनतीनं भेटलं, ते सोडून?"

"मंग माह्यं काय? अवो, माह्यी नोकरी गेली, खोली सोडा लागते. मी काय तुमच्या घरी बसून वाट पाहू?"

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने जर्मनमध्ये झटकन काहीतरी उत्तर दिलं. 'घरचं आहे, महत्त्वाचं नाही,' असं तो म्हणाला होता. दीपमालाला शब्दन् शब्द समजला. ऐकण्याच्या भागात तिला नेहमीच चांगले गुण मिळत.

नागपूरची खोली रिकामी करून ती मोहाडीला आली. सासू पार्वताबाई हातमागासमोर बसून कोशाच्या रेशमी धाग्याच्या कांड्या भरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आता कवा हाय परीक्षा?"

दीपमालाने पिशवी भिंतीशी टेकवली आणि तिथेच जमिनीवर बसली. खूप काही सांगावंसं वाटत होतं. कुठल्याच भाषेत सुरुवात सापडत नव्हती.