मुखपृष्ठावरचा रफार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी अमरावतीत पुस्तकांची मुखपृष्ठं करते. मोठ्या प्रकाशकांची नाही. निवृत्त मास्तर, वकील, एखादे कीर्तनकार — स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणारी माणसं माझ्याकडे येतात. पुढची बाजू, मागची बाजू आणि मधली कड एका पट्टीत जुळवायची, आणि छपाईला तयार फाईल अकोल्याच्या प्रेसला पाठवायची. काम एवढंच.

वत्सलाबाई परतवाड्याहून एसटीनं यायच्या. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. वय पंच्याहत्तरीला टेकलेलं, पण माझ्या दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकलीय हे त्यांनी आत पाऊल टाकायच्या आधी सांगितलं होतं. त्यांनी वऱ्हाडी शब्द गोळा केले होते. बाजारात ऐकलेले, जीपमध्ये शेजारी बसलेल्या बायांच्या तोंडचे, वह्याच्या वह्या भरून. मी सहज विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाल्या, "वर्गात कोणी 'मले' म्हटलं की मी त्याले उभं करत होती. किती लेकरं गप्प केली मी. चुकली मी, बेटा. म्हणून हे पुस्तक."

किती सहज बोलून गेल्या! मला ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

पुस्तकाचं नाव 'आमचे वऱ्हाडी शब्द'. पहिल्या नमुन्यात माझ्या फाँटनं घोळ केला. 'ह'च्या आधी तो पापणीसारखा आडवा र यायला हवा. त्याऐवजी डोक्यावर रफार बसला — 'वर्हाडी'. बाईंनी लाल पेनानं गोल केला. मी दुरुस्त करून दुसरा नमुना काढला. त्यांनी तो खिडकीशी नेला, चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून अक्षर-अक्षर वाचला आणि खाली सही केली. सुरेख सही. मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला.

नंतर काय झालं? काहीच मोठं नाही. अकोल्याहून फोन आला — कागद जाड लागतोय, कड तीन मिलिमीटर वाढवा. मला धामणगावला लग्नाला जायचं होतं, साडी नेसून तयार होते. फाईल उघडली, कड वाढवली, अक्षरं गोठवून टाकली — प्रेसच्या कॉम्प्युटरवर ती हलू नयेत म्हणून तसं करतात — आणि पाठवली. उघडली होती ती जुनी फाईल. पहिल्या नमुन्याची.

पाचशे प्रती. सगळ्यांवर रफार.

प्रकाशनाच्या दिवशीच कळलं. प्रती प्रेसमधून थेट सभागृहात आल्या होत्या. लहानपणी बाईंच्याच वर्गात बसलेल्या एका हेडमास्तरांनी प्रत हातात घेतली आणि हसत म्हणाले, "बाई, आम्हाला पट्ट्या मारल्या आणि स्वतःच्या पुस्तकाच्या नावातच?" लोक हसले. वाईट हेतूनं नाही. पण बाईंचा चेहरा — तो नाही मला सांगता येत.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. भांडायला नाही. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी तर दुरुस्त केलं होतं ना गं?"

खण माझ्या कोपराखाली होता. नुसता ओढायचा होता.

मी म्हणाले, "नाही बाई. तुम्ही सही केली तो नमुना असाच होता."

का म्हणाले? नवीन दुकान होतं. सभागृहात माझ्याकडे काम देऊ शकणारी चार माणसं बसली होती. हे सगळं खरं आहे, पण त्यानं काही होत नाही. बाईंनी कागद दाखव म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? ठाऊक नाही. त्यांनी मागितलाच नाही. चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "मंग माह्याच नजरेतून सुटलं असन. आता डोयाचा भरवसा नाही राहिला."

त्या गेल्यावर मी तो कागद फाडला. बारीक तुकडे केले.

आता याहून वाईट सांगते.

बाईंनी पाचशे प्रती परतवाड्याला नेल्या आणि हातानं दुरुस्त करायला घेतल्या. पांढऱ्या शाईनं रफार झाकायचा, ती वाळली की काळ्या पेनानं र काढायचा. मला कळलं तशी मी गेले. चार रविवार गेले. त्यांच्या ओसरीवर समोरासमोर बसून आम्ही र काढले. त्या मला ज्वारीच्या कण्या खाऊ घालायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "चूक माही, अन् ही पोरगी बसून राहिली माह्यासंगं. एवढं कोन करते आजकाल?" मी मान खाली घालून र काढत होते. एकदा तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं — तेवढ्यात त्यांनी आणखी कण्या वाढल्या. गिळलं.

दुसरा भाग तयार होता. सात वह्या. त्या त्यांनी छापल्या नाहीत. परतवाड्याची मुलं निबंध तपासायला आणायची, त्यांनाही नाही म्हणू लागल्या. डॉक्टरांनी डोळे तपासले, काही निघालं नाही. तरी वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचायच्या, स्वतःच्या मुलाला विचारायच्या, "हे असंच लिहिलं आहे ना?" हे त्यानंच मला सांगितलं, बाई गेल्यावर, शोकसभेच्या आधी.

त्या सभेत तो बोलला. म्हणाला, शेवटी आईची नजर दगा देऊ लागली होती, स्वतःच्या पुस्तकावर चूक राहिली, ते तिला फार लागलं. पण या ताईंनी त्या वेळी आईला एकटं पडू दिलं नाही. त्यानं माझ्याकडे हात केला. लोक वळले. कुणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी उभी राहिले. म्हणाले, बाई फार मोठ्या मनाच्या होत्या. आणि खाली बसले.

त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती.