इंजिनावरचा नारळ

काकांच्या होडीच्या जुन्या इंजिनाचं झाकण उघडलं आणि मला किळसच आली. परवा हे इंजिन खाडीच्या तोंडाशी अचानक बंद पडलं, आणि काका नि त्यांचा खलाशी खडकांवर आपटता आपटता वाचले. स्पार्क येत नव्हता. का येत नव्हता ते आता दिसत होतं. वायरींच्या जोडांवर हिरवट, चिकट थर चढला होता, त्यात कुंकवाचा लगदा होता आणि वर आंबलेल्या नारळपाण्याचा वास. दर नारळी पौर्णिमेला काका एक नारळ समुद्राला देतात आणि दुसरा इंजिनावर फोडतात. ते पाणी फटीतून आत मुरत गेलं होतं.

"अरे, देवाचं पाणी ते! त्याने कधी इंजिन बिघडतं?" काका म्हणाले.

मी एकेक जोड खरवडत होतो आणि माझं डोकं तापत होतं. एकदा पूजा केली, की नीट बघायची जबाबदारी संपली, अशी आमची समजूत. सणासुदीला आम्ही सगळे रांगेने आईच्या पाया पडतो. तिच्या टाचा भेगाळून रक्त येतं, ते वाकणाऱ्या एकालाही कधी दिसत नाही.

खराब वायरी बदलल्या, जोड कोरडे केले आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडलं. काकांनी डोळे मिटून हात जोडले आणि लगबगीने घराकडे निघाले.

"झाकण लावू नकोस रे," जाता जाता ओरडले, "नारळ घेऊन आलोच!"