वाळत घातलेलं विमान

आमच्या घरातलं विमान कोसळलं, तेव्हा ते उडत नव्हतं. गच्चीवर वाळत होतं.

विमान म्हणजे नॅट. हवाई दलाचं जुनं, चिमुकलं लढाऊ विमान. माझे सासरे, नाना, तरुणपणी त्याचे मेकॅनिक होते. आता नंदाखालला केळीच्या वाडीत राहतात, पण नजर अजून नटबोल्ट तपासणारीच. मी एकदा त्यांच्या वाडीतला पंप ‘दुरुस्त’ केला होता (पाणी आलं, फक्त शेजाऱ्यांच्या अंगणात). तेव्हापासून मी दिसलो की नाना स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवतात आणि माझ्या हातात पेपर देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द ऐकायला माझे कान आसुसलेत.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं. मी म्हटलं, या वेळी आपणच नानांना नॅटचं मॉडेल द्यायचं. किट आणून, स्वतःच्या हातांनी बनवलेलं!

“अरे, तुला टॉवेलचा रॉड लावता येत नाही भिंतीला,” माझी बायको मंजिरी म्हणाली.

“हे प्लास्टिकचं आहे गं. नुसतं चिकटवायचं.”

एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटचं डायनिंग टेबल विमानतळ झालं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. मंजिरीचा भुवयांचा चिमटा जप्त झाला. एक चाक केराबरोबर गेलं, तर ते शोधायला मी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात कमरेपर्यंत उतरलो (चाक सापडलं, मी सेक्रेटरींना सापडलो). पण विमान झालं! पंख, शेपूट, सगळं जागच्या जागी! जेवणाच्या आदल्या दिवशी चंदेरी रंगाचा शेवटचा हात मारला आणि ऑफिसला निघताना आईला बजावलं, “रंग ओला आहे. नीट वाळू दे.”

इथेच घात झाला. माझी आई कोकणातली. भर उन्हाळ्यात ओल्या वस्तूची जागा तिच्या लेखी एकच.

दुपारी तिचा फोन आला. “अरे, तुझं विमान छान वाळलं हो! पापडांबरोबरच ठेवलं.”

“गच्चीवर?”

“मग काय फ्रिजमध्ये? रंग खरवडला जाऊ नये म्हणून खाली ओला पापड घातला. कावळे चोच मारतात, म्हणून वरून काचेचं भांडं पालथं घातलं. आणि मध्ये एकदा उलटवलं.”

“उलटवलं?”

“दोन्ही बाजू नकोत वाळायला? फक्त जरा मऊ पडलंय.”

घरी येऊन पाहतो तर पंख दोन्हीकडे लोंबत होते, नाक जमिनीला टेकलं होतं आणि पोटाला जिरं चिकटलं होतं. मी सोफ्यावर बसलो आणि मला खरोखर रडू आलं.

“गरम पाण्यात बुडवून सरळ करतात,” मंजिरीनं व्हिडिओ शोधला. बुडवलं. डावा पंख वर आला तो इतका, की विमान कुणाला तरी टाटा करतंय असं वाटावं! उजवा होता तिथेच. “वजन ठेव रे वर,” म्हणत आईनं पोळपाट ठेवला. शेपूट गेलं.

“ओरिजिनलचेही पंख थोडे खाली झुकलेले असतात म्हणे,” मंजिरी म्हणाली. बुडत्याला काडीचा आधार!

दुसऱ्या दिवशी नंदाखालला नानांनी खोका उघडला. चष्मा पुसला. टॉर्च आणली. विमान चहूबाजूंनी पाहिलं. मी हातातला अनारसा ताटात परत ठेवला.

“नॅट आहे,” मी म्हणालो. (सांगावं लागलं!) “पंख थोडे खालीच असतात ना, नाना?”

“थोडे,” नाना म्हणाले.

उठले, कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला, पेपर माझ्या हातात दिला आणि विमान घेऊन पडवीत जाऊन बसले. मी तो पेपर जाहिरातींसकट वाचला. धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं.

तेवढ्यात सासूबाई तळणीसाठी आईनं पाठवलेला पापडांचा डबा घेऊन बाहेर आल्या. “अहो, हा बघा कसा आलाय!”

विमानाखाली घातलेला तोच पापड! आई गडबडीत तोही डब्यात भरून मोकळी झाली होती. एका बाजूनं सगळा चंदेरी! नानांनी तो उजेडात धरला, अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं.

“जावईबापू, रंग तुम्हीच दिलात?”

“हो… म्हणजे, उतरला तो त्याच्यावर.”

“वा! एकसारखा बसलाय. कुठे ओघळ नाही. फर्स्टक्लास काम!”

इतक्या वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

विमान अजून नंदाखाललाच आहे, नाना त्याला हात लावू देत नाहीत. तो पापड मात्र मी मागून आणला. आता आमच्या शोकेसमध्ये आहे, विमानासाठी आणलेल्या स्टँडवर. पाहुण्यांनी विचारलं तर मी छाती फुगवून सांगतो, “मी बनवलाय.” मग आतून आई ओरडते, “पापड मी लाटलाय!”