खरवडे सरांची सही

खरवडे सर गेल्याचं मला आमच्या अभियंत्यांच्या संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. मी बुधवार पेठेत एका दुकानात जुन्या मिक्सरसाठी स्विच शोधत उभी होते. ‘ऊर्जाक्षेत्रातील द्रष्टे नेतृत्व हरपले’ असा मजकूर, खाली कोटातला फोटो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. द्रष्टे! मी मोठ्यानं हसले असणार, कारण दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. “काय झालं?” म्हटलं, ओळखीचे एक गृहस्थ गेले. “अरे वा,” असं म्हणून तो स्विच शोधायला आत गेला. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. संघटनेच्या शोकसभेत मला बोलू दिलं नाही, ते बरंच झालं. इथं जागा जास्त आहे.

दिनकर खरवडे मूळचे वर्ध्याकडचे. मी नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या विभागातले सगळ्यात हुशार आणि सगळ्यात गबाळे इंजिनिअर होते. पवनचक्क्या, सौर प्रकल्प, उपकेंद्रं आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे संगणक हे सारं एकत्र जोडल्यावर नीट चालतं की नाही, हे पाहणं आमचं काम. सिस्टिम्स इंजिनिअर म्हणतात त्याला. सर सांगायचे, “मेधा, प्रत्येक यंत्राचा माणूस वेगळा असते. तो आपलं यंत्र बरोबर आहे म्हणून शपथ घेईल. बिघाड दोघांच्या मधात असते. तिथं बघायला कोणीच जात नाही, म्हणून आपण जायचं.” सातारच्या पठारावर एका प्रकल्पाचं उद्घाटन होतं. मंत्री यायचे होते, मांडव पडला होता, आणि सरांनी चाचणीच्या कागदावर सही करायला नकार दिला. वाहिनीतला विजेचा दाब क्षणभर जरी घसरला तरी सगळ्या चक्क्या एकदम बंद पडतील, असं त्यांचं म्हणणं. प्रकल्पप्रमुख ओरडले, “खरवडे, बाहेर मांडव घातलाय!” सर शांतपणे म्हणाले, “राहू द्या साहेब, छान दिसते.” दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाब घसरवून पाहिला, आणि खरोखर एकेक करत नव्हे, सगळ्या चक्क्या एका दमात थांबल्या. सर खडीच्या ढिगावर बसून पोळीची गुंडाळी खात होते. मला आयुष्यात काय व्हायचंय, ते मी त्या खडीजवळ उभी राहून ठरवलं... म्हणून पुढचं सगळं मला इतकं झोंबतं.

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती सरांना मिळेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाहेरून एक गृहस्थ आले, ज्यांनी उपकेंद्र बहुधा मोटारीच्या काचेतूनच पाहिलं असावं. सर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर आले. पण त्यानंतर वर्षभरात त्यांनी नेता व्हायचं ठरवलं. लोणावळ्याला नेतृत्वविकासाची शिबिरं असतात, तिथं लोक भरपेट नाश्ता करून डोळे मिटतात आणि स्वतःला दहा वर्षांनी पुढे पाहतात. सरांनी स्वतःला संघटनेच्या अध्यक्षपदी पाहिलं. मग भर मे महिन्यात कोट आला. व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली पाच ओळी आल्या. बोलण्यातल्या वर्ध्याकडच्या ‘मधात’चं ‘मध्ये’ झालं. सभासदांच्या मुलांची लग्नं, मुंजी, वास्तुशांती, सर सगळीकडे पहिल्या रांगेत! एकदा न राहवून विचारलं, “सर, हे सगळं कशासाठी?” म्हणाले, “अगं, खालून ओरडलेलं कुणी ऐकत नाही. एकदा अध्यक्ष झालो, की बघ, एकेक गोष्ट सरळ करतो.” मी विश्वास ठेवला, चांगली दोन वर्षं. हसायचंच असेल तर मलाही त्यात धरा.

त्याच सुमारास सौर वीज साठवण्याच्या एका प्रकल्पाचा आराखडा तपासणीसाठी संघटनेकडे आला. मालवाहू कंटेनरमध्ये बॅटऱ्या रचलेल्या, असे बरेच कंटेनर. तपासणी समितीचे प्रमुख खरवडे सर, मी सदस्य. आराखडा पाहताना माझ्या लक्षात आलं, की संकटकाळी सगळं बंद करायचं बटण कंटेनरच्या आत होतं. म्हणजे आत आग लागली, तर बंद करायला माणसानं आतच जायचं! मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, क्षणभर पाहिलं आणि पेन्सिलनं दाराबाहेर एक छोटा गोल काढला. “इथं पाहिजे.” बास, इतकं सोपं होतं. पुढच्या आठवड्यात अहवाल आला. त्यात बटणाचा उल्लेख नव्हता आणि खाली सरांची सही होती. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, गोल कुठं गेला?”

“दुसऱ्या टप्प्यात घेऊ ना. आत्ता काम थांबवलं तर ते लोक दुखावतील. निवडणूक तोंडावर आलीय, मेधा.”

‘ते लोक’ म्हणजे कंटेनर बनवणारे. त्यांचा संघटनेत मोठा गट होता. मी माझा आक्षेप लिहून दिला, तो इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ या तीन शब्दांत पुरला गेला. सर अध्यक्ष झाले. शाल, श्रीफळ, आणि सत्काराच्या भाषणात ‘सुरक्षितता’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजणं सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या प्रकल्पावर धूर दिसला. ड्यूटीवर रामदास ढवळे होते. शिवण्याचे, पन्नाशीला टेकलेले, बायको, दोन मुली आणि थोडी शेती असलेले तंत्रज्ञ. त्यांनी दार उघडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मी इस्पितळात गेले तेव्हा ते छताकडे पाहत म्हणाले, “म्याडम, आत धूर हाय, बटनबी आतच हाय. दार उघडू नको तर काय करू?” चौकशी समिती बसली. अध्यक्ष कोण, हे सांगायला हवं का? निष्कर्ष निघाला, ‘नियमबाह्य रीतीने दार उघडणे ही मानवी चूक.’ मानवी तर होतीच. कुठल्या मानवाची, एवढंच लिहायचं राहिलं. ढवळ्यांची नोकरी गेली. मी संघटनेचा राजीनामा दिला (व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझं नाव काढायचं तेवढं राहून गेलं) आणि सरांशी बोलणं सोडलं.

तीन वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर, निर्मलाताईंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. “अहो, ते फार आजारी आहेत. तुमची आठवण काढतात. एकदा येऊन जा.” मी वारज्याला गेले. सर खिडकीशी खुर्चीत होते, अर्धे झालेले. त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड बाड ठेवलं. आत्मचरित्र! ‘माझा नेतृत्वप्रवास’. मी तिथंच बसून चाळलं. लोणावळ्याचं शिबिर होतं, सत्कार होते, प्रत्येक शालीचा रंग होता. सातारच्या पठारावर अडीच ओळी होत्या.

“सर, यात ढवळे कुठं आहेत?”

निर्मलाताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

“नाही घातला...” ते म्हणाले. “ते तू लिही. मी गेल्यावर. बाकीचे सगळे चांगलंच लिहितील.”

“तुम्ही स्वतः लिहा की. इतकी पानं लिहिलीत, आणखी एक.”

“माझ्यानं नाही होत गं.”

मला दया यायला हवी होती. आली नाही. अडीचशे पानं लिहिणाऱ्या माणसाला एका पानाचं धैर्य होत नव्हतं, आणि ते कामही त्यांनी हाताखालच्या माणसाकडेच दिलं, अगदी अखेरपर्यंत अध्यक्ष! मी चहा न घेता उठले. जिना उतरताना रडले, हेही सांगून टाकते, आणि कुणासाठी ते विचारू नका.

तर सर, लिहिलं. दार उघडणं ही रामदास ढवळ्यांची चूक नव्हती. बटण कुठं हवं होतं, ते तपासणी समितीच्या प्रमुखांना माहीत होतं, आणि मी शेजारी उभी होते. परवा शिवण्याला जाऊन हे ढवळ्यांना वाचून दाखवलं. त्यांची बोटं आता पुरती मिटत नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाले, “सायबांनी सांगितलं व्हतं व्हय लिवायला?” म्हटलं, हो. “मंग जित्तेपणी यायचं की हितं. च्या पिऊन गेले असते.”

गेल्या आठवड्यात भाचीनं घरात नवा गॅस गीझर बसवला. मोठ्या कौतुकानं मला न्हाणीघरात नेलं आणि म्हणाली, “मावशी, बघ, किती पटकन पाणी तापतं!” मी नळाला हातसुद्धा लावला नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सर मला एकेका यंत्रासमोर उभं करायचे, आणि ते काय काम करतं हे सांगायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. माझा जन्म नारायण पेठेतला, बोली तिथलीच. पण हा प्रश्न माझ्या तोंडून आजही वर्ध्याच्या बोलीतच येतो. भाची हसायला लागली, आणि मी तशीच दारात उभी राहून पुन्हा विचारलं, “हे बंद कुठून होते?”