तिघींचा नारिंगी उजेड

आमच्या महाविद्यालयात ‘तिघी मॅडम’ म्हटले की रसायनशास्त्राच्या एकच बाई डोळ्यांसमोर येत. व्याकरण काहीही म्हणो, त्यांच्या तोंडी रेणू नेहमी बाईमाणूसच असे. “एकटी असली की निळी चमकते, दोघी चिकटल्या की हिरव्या, अन् तिघी जमल्या की रंगच न्यारा!” असे सांगताना त्या खडूच्याच हाताने केस मागे सारत. तास संपेपर्यंत अर्धे केस पांढरे झालेले असत.

त्या मूळच्या परभणीकडच्या वालूरच्या. मला सांगत, “माय, मावशी अन् शेजारची काकू एका ओळीत कापूस वेचायला लागल्या की जे गाणं निघायचं, ते एकटीच्या गळ्यात न्हाईच. तीन रेणू चिकटून झालेला ट्रायमर म्हणजे तेच, सर.”

त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण याच तिघींवर उभे होते. द्रावणावर अतिनील दिवा धरला की आलेखात निळ्या आणि हिरव्या उजेडापलीकडे नारिंगीचा एक बुटका उंचवटा उठे. तो एकत्र आलेल्या तीन रेणूंचा, असा त्यांचा दावा. विभागप्रमुख या नात्याने मला तो पटला नव्हता; अस्वच्छ नळीतल्या मळाचाच तो उजेड असावा, असे मला वाटे. भर चर्चासत्रात मी म्हणालो, “मॅडम, आधी भांडी नीट घासा.” सभागृह हसले. मी कधी आवाज चढवत नाही, याचा मला अभिमान होता. हळू बोललेलेही तितकेच लागते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. बाई खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात त्या साबण आणि ब्रश घेऊन उभ्या.

“या सर. आज भांडी तुमी घासा.”

“मी?”

“मंग? माझ्या हाताचा भरोसा न्हाई ना तुमाला.”

मी बाह्या सारल्या. काचेची एकेक नळी घासली. “काठाला फेस हाय, पुन्हा,” त्या म्हणाल्या. पुन्हा घासली. द्रावणही मीच तयार केले. दिवा लावला, आणि नारिंगी उजेड होता तिथेच होता.

“आता पातळ करा. मूळ रंगद्रव्यातच भेसळ असली तर सगळे उजेड एकाच मापात उतरतील. पण तिघी असतील, तर गर्दी मोडताच त्या आधी पांगतील.”

मी द्रावक मिसळत गेलो. नारिंगी पाहता पाहता विझला, हिरवा थोडा रेंगाळला आणि अखेर निव्वळ निळा उरला.

“पुन्हा करू! पुन्हा!” मी ओरडलो.

“आगं माय, सर वरडायलेत!” बाई खळखळून हसल्या. त्या दिवशी आमचे दोघांचेही डबे तसेच राहिले.

त्यांचा प्रबंध मान्य झाला. मी पेढे वाटले, कौतुक केले. माफी मात्र मागितली नाही. भांडी घासली त्यातच सारे आले, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण हसे झाले होते ते चारचौघांत, आणि भांडी मी घासली होती बंद दाराआड.

यंदा त्यांना दूरच्या एका संशोधन संस्थेचे बोलावणे आले. निरोप समारंभ त्याच सभागृहात होता. मी बोलायला उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

“सर, मागं ऐकू येईना,” पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या. “त्या दिवशीसारखं वरडा की!”

मी मान वर केली.

“मॅडमची भांडी तेव्हाही स्वच्छ होती,” मी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणालो. “याच जागी मी त्यांचे हसे केले. मी चुकलो होतो. मॅडम, मला माफ करा.”