लंकाबाई आणि सलाईनच्या बाटल्या

मंचरला मी नर्स होते, त्या दवाखान्यात लंकाबाई आया होती. पेठहून एसटीने यायची. लादी पुसणं, हत्यारं उकळणं ही तिची कामं. पण तिला खरं दमवायचं ते नातेवाइकांकडून रक्त मिळवणं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल. रक्तपेढी पार पुण्याला, म्हणून रक्तगट जुळला की नातेवाइकाचं रक्त इथंच काढून घ्यायचे.

ऑपरेशनमध्ये फार रक्त गेलं की डॉक्टर आधी दोन्ही हातांना सलाईन जोडत. लोक दारातून डोकावत, बाटल्या पाहत आणि निर्धास्त होत. आमच्याकडे बाटली म्हणजे ताकद! कांदे काढून थकलेला गडीसुद्धा 'एक बाटली लावा' म्हणत येतो. मग रक्त कशाला? त्यात रक्त दिलं की गड्याची रग कायमची जाते, ही समजूत. बेल्ह्याच्या बाजारात बैल आवरणारे दांडगे भाऊ चहाला म्हणून जात ते परतच येत नसत. मागे म्हाताऱ्या उरत, आणि एखादा पोरगा तयार झालाच तर त्याच आडव्या येत.

"अवं, आमटीत पानी वाढवलं म्हंजी टोप भरतो, डाळ वाढती व्हय?" लंकाबाई त्यांना सांगायची. वर्षानुवर्षं तेच. शेवटी शेवटी तिच्या आवाजात रागही उरला नव्हता.

मग तिच्याच सुनेवर, नूतनवर पाळी आली. पोट फाडून बाळ काढलं, पण रक्त थांबेना. बाटल्यांवर बाटल्या चढल्या. डॉक्टर म्हणाले, "यावर थोडाच वेळ निघेल. रक्तच पाहिजे." लंकाबाईचं जुळलं नाही. तिच्या मुलाचं, ज्ञानेश्वरचं जुळलं.

तो भिंतीला टेकून उभा. "आई, बाटली चालू हाय की गं," म्हणाला.

मला वाटलं, आता ही कडाडणार. पण लंकाबाई खालीच बसली. एकुलता एक पोरगा, आदल्याच वर्षी टायफॉइडमधून उठलेला. त्याला 'रक्त दे' म्हणवेना तिला. मला असा संताप आला! लोकांची पोरं ओढून आणायला बरं जमत होतं.

आतून डॉक्टर ओरडले, नाडी लागत नाही. तशी ती उठली. पोराचा दंड धरून त्याला खाटेवर निजवलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, तुमीच घाला सुई. मला न्हाई बघवायचं."

नूतन वाचली.

पुढेही लंकाबाई रक्त मागत राहिली. पण पोराला आडवी येणाऱ्या म्हातारीला आता ती आमटीचं सांगत नसे. शेजारी बसकण मारायची आणि म्हणायची, "मलाबी लई जड गेलं व्हतं, बाई. पन उठवा त्याला."