आधी मागचं बघा, भाऊजी

भांडी विसळलेलं पाणी मागच्या दारातून फेकण्याआधी वसुधावहिनी पातेलं हातात तसंच धरून गल्लीत वाकून बघायच्या. गल्लीत बहुधा कुणी नसायचंच. शेजारच्या मंजुळाबा ओट्यावर भाजी निवडता निवडता हसायच्या, "बेन, पाणी छे, तोप नथी!" वहिनी पातेलं रिकामं करत म्हणायच्या, "बा, समोरचं सगळ्यांनाच दिसतं. मागचं बघावं लागतं."

ही सवय त्यांना बंदुकीनं लावली होती. नाशिकला कॉलेजात असताना एन.सी.सी.त त्या नेमबाजी करायच्या. पुढे लग्न होऊन सुरतेला आल्या. नवरा इच्छापोरला कारखान्यात, आणि त्या स्वतः लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका. तिथली यंत्रमागवाल्यांची पोरं त्यांच्याशी अहिराणीत बोलायची आणि वहिनी त्यांना तशाच अहिराणीत दटावायच्या, म्हणून पोरं खूश. आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. मी बँकेत होतो. माझ्या बायकोच्या त्या मैत्रीण, त्यामुळे मी 'भाऊजी'.

प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शहर धुऊन निघालं होतं, पण भीती निघाली नव्हती. आमच्या रो-हाउसच्या परसात, मागच्या पत्र्याच्या दाराशी घुशींनी जमीन पोखरली होती. पिंजऱ्यात त्या येत नव्हत्या आणि विष ठेवायला मंजुळाबांचा विरोध, कारण गल्लीतली कुत्री ते खातील. बायको बाळंतपणासाठी माहेरी जायची होती आणि तान्हं मूल घेऊन ती परत येईपर्यंत मला घुशी संपवायच्या होत्या. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "छर्ऱ्याची बंदूक घ्या. पण एकटे जाऊ नका. दुकानदार तुम्हाला तोफ देईल."

दुकानदारानं तेच केलं. काळी, जड, चकचकीत दस्त्याची बंदूक काउंटरवर ठेवून म्हणाला, "साहेब, आ लई जाओ. पतरुं फाडी नाखे!" म्हणजे पत्रासुद्धा फाडून टाकते. वहिनींनी ती उचलली, छर्रा भरायला नळी जिथं मोडते तिथं अंगठ्यानं दाबून पाहिली. नळी किंचित हलली. मग त्यांनी दुकानामागच्या बोळात पोत्यावर बंदूक टेकवून कागदावर पाच छर्रे सोडले. एक वर, एक उजवीकडे, एक तर कागदाबाहेरच. "हिचं हिलाच ठाऊक नाही कुठं जायचंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोपऱ्यातली एक साधी, फिकट लाकडाची बंदूक मागितली. तिच्या पाचही छर्ऱ्यांची भोकं आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली. पत्र्याच्या डब्यावर एक मारून पाहिला. डब्याला पोचा आला, भोक पडलं नाही.

"ही घ्या."

"पण वहिनी, जोर कमी आहे हिचा."

"अहो भाऊजी, बंदूक निवडायची म्हणजे जावई निवडायचा. रुबाब बघू नये, रोज तसाच वागतो का ते बघावं. शिवाय ही आपल्या परसापुरती आहे. घुशीला पुरते आणि दाराच्या पलीकडे जात नाही."

पुढचे काही रविवार त्यांनी आमच्या परसात मला नेम शिकवला. दाराला टेकून वाळूचं पोतं उभं केल्याशिवाय त्या छर्रा भरू द्यायच्या नाहीत. "आधी मागचं बघा, भाऊजी. मग घुशीकडे बघा. घूस कुठं पळून चाललीय?" माझ्या हातून ती पळूनच जायची, पण वहिनींच्या हातून सुटायची नाही. सोसायटीतली पोरं भिंतीवर चढून बघायची. सगळ्यांच्या लेखी ती बंदूक माझी नव्हती, वहिनींचीच होती. मी नेम धरला की पोरं खिदळायची.

बँकेत ही गोष्ट कळली तेव्हा एक सहकारी म्हणाला, "बाईनं निवडलेली बंदूक? घुशींना गुदगुल्या करायच्यात का?" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानात जाऊन मी बंदूक बदलून आणली. "में तो पहेलां ज कीधुं हतुं, साहेब," दुकानदार आपलंच खरं झाल्यासारखा म्हणाला. काळी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून मी कपाटामागे उभी केली. वहिनींच्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या होत्या, त्यांचे रविवार बंद होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?

त्याच सुमारास गल्लीतली कुत्री, लाली, व्याली. सुरतेत कुत्री व्याली की तिला शिरा करून घालतात, बाळंतिणीला घालावा तसा. मंजुळाबांनी घरोघर फिरून पीठ-गूळ गोळा केला, तूप वहिनींनी दिलं. बा शिरा परतायच्या आणि वहिनी ताटली गल्लीत नेऊन ठेवायच्या. ताटली नेमकी माझ्या पत्र्याच्या दारामागे, कारण सावली तिथंच. शिऱ्याच्या वासानं घुशी पुन्हा सरसावल्या.

त्या संध्याकाळी मी बँकेतून लवकर आलो होतो. बायको माहेरी गेलेली. दाराच्या फटीशी एक मोठी घूस नाक हलवत बसली होती. वाळूचं पोतं फाटलं होतं आणि नवीन भरायचा मी कंटाळा केला होता. मी खटका दाबला. घूस पळाली. पत्र्याच्या पलीकडून एक किंकाळी आली, आणि मग पिल्लांचा कुंईकुंई आवाज.

मी दार उघडून बघितलं नाही. बंदूक चादरीत गुंडाळली, पुढच्या दारानं बाहेर पडलो, स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, तिथं सुरू केली, आणि थोडा फेरा मारून हॉर्न वाजवत परत आलो. नुकताच बँकेतून आल्यासारखा.

गल्लीत माणसं जमली होती. लाली ताटलीशेजारी पडली होती, डोळ्याच्या जागी रक्त. थोड्या वेळानं ती गेली. माझ्या मागच्या दाराची किल्ली वहिनींकडे असायची, तुळशीला पाणी घालण्यासाठी. कुणीतरी ते बोललं. कुणीतरी म्हणालं, मराठी लोकांना काय, ते मटण खातात. वहिनी अंडंसुद्धा खात नसत. मंजुळाबा रडत रडत एवढंच म्हणाल्या, "बेन, तारा हाथनुं खाती'ती ए." लाली वहिनींच्याच हातचं खायची.

वहिनी पत्र्याच्या दाराशी गेल्या. त्यावरच्या नव्या भोकाला करंगळी लावून पाहिली. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, बंदूक तीच आहे ना? आपण आणलेली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता. मी बोललो, पण दुसराच.

"तीच."

वहिनी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी निवडलेल्या बंदुकीनं पत्र्याला भोक पडत नाही, हे तिथं दोनच माणसांना माहीत होतं. मग त्या बांकडे वळून म्हणाल्या, "बा, बंदूक मीच निवडली होती." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण सोसायटीनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि मी घेऊ दिला.

पिल्लांना कापसाच्या बोळ्यानं दूध वहिनींनीच पाजलं, आपल्या ओट्यावर बसून, एकटीनं. मंजुळाबांच्या ओट्यावर त्या पुन्हा दिसल्या नाहीत. पुढे त्यांच्या नवऱ्याला नाशिकला नोकरी मिळाली. निघताना त्या किल्ली द्यायला आल्या. माझी मुलगी बायकोच्या कडेवर होती, तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "ते दाराचं भोक बुजवून घ्या, भाऊजी. पावसाचं पाणी आत येतं." रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी त्यांना पत्र लिहिलं नाही. दिवाळीत बायको फोन करायची, तेव्हा मी बाजारात जायचो. गेल्या वर्षी त्या वारल्या. बातमी ऐकून मी पहिल्यांदाच बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बांना सांगून या."

मंजुळाबा आता अगदी थकल्यात, पण कान शाबूत आहेत. मी त्यांच्या खाटेशी बसून बंदूक, पत्रा, स्कूटर, सगळं सांगितलं. त्या मला शिव्या देतील असं वाटलं होतं. खरं तर तेवढ्यासाठीच गेलो होतो. त्यांनी वहिनी कधी गेल्या तेवढं विचारलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ए सुरतथी गई त्यां सुधी में एना हाथनुं पाणी नथी पीधुं."

वहिनी सुरत सोडून गेल्या तोवर बा त्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या, माझ्या त्या एका शब्दापायी.

"बोल," बा म्हणाल्या, "ए पाप कोनुं?"